जुन्या जिप्सीला सुपरचार्जर बसवताय? बाकी सगळं होतं, ब्रॅकेट सांभाळा

हे काम मी आत्तापर्यंत चार जिप्सींवर केलंय, पहिली माझी स्वतःची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) किंग, १३०० सीसी, कागदावर ८० बीएचपी. आणि दर वेळी कुणीतरी उंटावरचा शहाणा बॉनेटमध्ये डोकं घालून सांगतोच, "टर्बो टाका ना राव त्यापेक्षा." टर्बो (एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरतो) वाईट नाही, पण दगडावर चाक चढवताना जोर १५००-२००० आरपीएमला लागतो आणि तिथे बेल्टवर फिरणारा रूट्स ब्लोअर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप, म्हणजेच आपला सुपरचार्जर) पाय दाबला की लगेच हवा देतो, वाट बघायला लावत नाही.

एक गोष्ट आधीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. म्हणून माझी गाडी आता ट्रेलरवरून खासगी ट्रॅकवर जाते आणि तशीच परत येते.

इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत नसतील तर आधी इंजिनाचं काम करा, मग ब्लोअरचं बघू.

ब्लोअर म्हणून जपानी आयसिनचा एएमआर५०० या इंजिनाला बरोबर बसतो. एका फेऱ्यात ५०० सीसी हवा ढकलतो. आपलं इंजिन एका फेऱ्यात साधारण ६५० सीसी ओढतं, म्हणून ब्लोअर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) १.८ पट फिरवला की ५ पीएसआयच्या आसपास बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, मिळतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसेल तर तेवढ्यावर थांबा. ६००० आरपीएमला ब्लोअर जवळजवळ ११ हजारांवर फिरत असतो, हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी रामायणं त्याच्यामुळेच होतात.

आता ब्रॅकेट, म्हणजे ब्लोअर इंजिनाला धरून ठेवणारा आधार. माझ्या गाडीला एसी नाही, त्यामुळे कंप्रेसरची जागा रिकामी होती, मी म्हटलं एक पत्रा कापून घेऊ, ब्लोअर टांगू, एका रविवारचं काम. भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडून ६ एमएमची लोखंडी प्लेट आणली, ब्लॉकला तीन बोल्ट, ब्लोअरला चार बोल्ट, पुलीवर सरळ पट्टी धरून बघितली तर एकदम एका रेषेत, आम्ही पोरांनी चहाबिहा मागवला. पहिल्या चढावर ४००० च्या पुढे गेलो आणि फाट्कन बेल्ट गेला. दुसरा टाकला, तोही गेला. तिसरा टाकताना सगळे म्हणाले बेल्ट हलका असेल, भारीतला घे, आणि मी नाना पेठेत जाऊन भारीतला घेतला पण, तो जरा जास्त वेळ टिकला इतकंच.

चूक बेल्टची नव्हतीच. गाडी बंद असताना पुली रेषेत होती, ताण आला की ब्लोअरचं नाक क्रँककडे झुकत होतं. एकच प्लेट मागच्या बाजूला आणि सगळं वजन पुढे लोंबकळतंय, मग ती पिळणारच. हे कळलं कसं तर एका म्हाताऱ्या टर्नरने डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून ब्लोअरच्या नाकाला पहारीने बेल्टच्या दिशेला ओढायला सांगितलं. काटा जवळजवळ दोन मिलिमीटर फिरला. मला तर घाम फुटला. बेल्टची रेषा एका मिलिमीटरच्या आत पाहिजे आणि इथे नुसत्या पहारीने दोन जातायत!

तेव्हा माझं ऐका, एका प्लेटचं ब्रॅकेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. १२ एमएम अॅल्युमिनियमच्या दोन प्लेटा, एक ब्लोअरच्या पुढे, एक मागे, मध्ये लेथवर एकसारखे कापलेले स्पेसर, म्हणजे पेटी झाली पाहिजे. लोखंड नको कारण या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत, तापल्यावर ब्रॅकेटही त्यांच्याबरोबर फुगलं पाहिजे. आणि त्याच कारणासाठी ब्लॉकमध्ये बोल्ट परत परत पिळू नका, आटे जातात, एकदाच स्टड बसवा आणि नटने काढघाल करा. भोकं लांबट करून "नंतर अॅडजस्ट करू" हा प्रकार तर अजिबात नको, लांबट भोक म्हणजे उद्या सरकणारा ब्लोअर. रेषा जमवायची ती पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून. मग परत डायल गेज, परत पहार. काटा जेमतेम थरथरला पाहिजे.

ब्लोअरला वेगळा सहा खाचांचा बेल्ट द्या. मूळ बेल्टवर वॉटर पंप आणि अल्टरनेटर आहेत, त्यालाच ब्लोअर जोडला आणि तो तुटला तर आडरानात इंजिनही उकळेल. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिल्या बाजूला, म्हणजे बेल्ट क्रँकवरून निघून ब्लोअरकडे जातो त्या बाजूला. ब्लोअरच्या पुलीचा निदान निम्मा घेर बेल्टने धरलेला असावा, त्यासाठी आयडलर (बेल्ट वळवणारी जादा पुली) लागला तर लावा. क्रँकचा मधला बोल्ट नवा घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा, तो सैल राहिला तर की (पुलीला अडवणारी खुंटी) आणि कीवे (तिची खाच) दोन्ही खातो, मग क्रँकच बाहेर.

चालू केल्यावर बेल्ट चिरचिरत असेल तर त्यावर थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर गेला तर रेषा चुकलीये, वाढला तर ताण कमी आहे. पुलीच्या कडेला काळी पूड जमत असेल तर परत रेषाच बघा.

पायपिंग सोपं आहे, थ्रॉटल (हवेची झडप) ब्लोअरच्या आधी, व्हॅक्यूमवर चालणारा बायपास (बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणारा) लावा, पीसीव्हीला (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणाऱ्या नळीला) एकतर्फी व्हॉल्व्ह.

इंधनाचं मात्र स्वतः डोकं चालवू नका. मूळ मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) वातावरणाच्या दाबापुढचं काही दिसत नाही, म्हणजे बूस्ट आला तरी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पत्ताच नाही आणि पेट्रोल कमी पडतं. मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू, वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) आणि चांगला ट्यूनर, यात पैसे वाचवू नका. पूर्ण थ्रॉटलला एअर-फ्युएल (एका भाग पेट्रोलला हवा) ११.५ ते १२ आणि दर पीएसआयला साधारण एक डिग्री टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे, इथून सुरुवात करा. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), पेट्रोल ९५ ऑक्टेन. खडखड ऐकू आली की पाय काढा, "गरम झाल्यावर जाईल" म्हणणाऱ्याला त्याच्या गाडीवर प्रयोग करू दे.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे नट थंड इंजिनावर परत बघा, मग दर ट्रिपच्या आधी. आणि सीटखाली एक बेल्ट आणि टेन्शनरच्या मापाचा पाना असू द्या, माझ्याकडे अजूनही दोन बेल्ट असतात.