फुलांचा तास: आदल्या दिवसापासूनची तयारी

फुलाचे भाग उलगडून दाखवायच्या तासासाठी सगळ्यात आधी फूल ठरवा, आकृतीचं नंतर बघू. पाच पाकळ्यांची साधी एकेरी जास्वंद या तासाला सगळ्यात सोयीची. तिचे भाग मोठे असतात आणि पुमंग (नर भाग) व जायांग (मादी भाग) एकाच फुलात मिळतात. दुहेरी जास्वंद टाळा, कारण तिचे बरेचसे पुंकेसर (पराग धरणारे तंतू) पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि मुलांची मोजणी फसते. झेंडू, शेवंती, सूर्यफूल पहिल्या तासाला नकोच. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. धोतऱ्याचं फूल कापायला सोपं, पण झाड सर्वांगी विषारी. ते वर्गात आणूच नका.

40 मुलांना दोघांत एक याप्रमाणे 20 फुलं, 5 जास्तीची आणि दुसऱ्या दिवशी उमलतील अशा 10 कळ्या पुरतात. कळीत परागकोश (परागांच्या पिशव्या) अजून न फुटलेले दिसतात, म्हणून ती हवीच. फुलं त्याच सकाळी देठासकट तोडून डब्यात ओलसर कापडावर एका थरात ठेवा. वरून पाणी शिंपडू नका, पराग भिजून गोळा होतात. जास्वंद बहुधा एका दिवसाची सोबती, तेव्हा तास सकाळचा मागून घ्या.

प्रत्येक जोडीला 10 पट मोठं दाखवणारं भिंग, दोन टाचण्या, एक पांढरा कागद आणि काळ्या कागदाचा तुकडा द्या. पिवळे पराग काळ्यावरच उठून दिसतात. ब्लेडची एक धार चिकटपट्टीने झाकलेली असावी. ब्लेडं मोजून द्या, मोजून परत घ्या. लहान वर्गात छेद शिक्षकानेच घेतलेला बरा. परागाची अ‍ॅलर्जी किंवा दमा कोणाला आहे, हेही आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

एक फूल आधी स्वतः उलगडून बघा, कारण खरी अडचण तिथेच कळते. निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं) आणि पाकळ्या काढल्या की मधे एक नळी उरते. तिच्या अंगावर पुंकेसर आणि टोकाला पाच कुक्षी (पराग झेलणारी टोकं), त्यामुळे मुलं सगळ्यालाच पुंकेसर म्हणून मोकळी होतात. त्यावर उपाय म्हणजे बोट लावून बघणं: पिवळी पूड लागली तो परागकोश, शेंड्याचे पाच मखमली ठिपके त्या कुक्षी. मग टाचणीने नळी वरून खाली अलगद चिरा. आतून कुक्षीवृंताचा, म्हणजे कुक्षीच्या देठाचा, बारीक धागा सुटा होतो आणि खाली थेट अंडाशयापर्यंत (जिथे बिया धरतात) जातो. हा धागा दिसला की परागनलिकेला (परागातून फुटून अंडाशयाकडे जाणाऱ्या नळीला) केवढा रस्ता कापावा लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही. अंडाशय निदलांच्या तळाशी दडलेला असतो; घाईत मुलं त्याच्याही खाली, पुष्पासनावरच (देठाच्या फुगीर शेंड्यावर) ब्लेड चालवतात. आडव्या छेदात पाच कप्पे, उभ्या छेदात बीजांडांच्या (पुढे बिया होणाऱ्या दाण्यांच्या) रांगा दिसतात. दोन्ही छेद एका फुलात जमत नाहीत, जास्तीची फुलं त्यासाठीच. चिकट रसाने ब्लेड घसरतं, ते मधूनमधून पुसा.

सूक्ष्मदर्शक असेल तर परागनलिकाच दाखवा. त्यासाठी जास्वंदीपेक्षा सदाफुलीचे पराग बरे. तिचे परागकोश फुलाच्या नळीत लपलेले असतात, नळी चिरून काढा. 100 मिली पाण्यात 100 मिलिग्रॅम बोरिक आम्ल विरघळवा. त्यातले 10 मिली आणि 10 ग्रॅम साखर घेऊन पाण्याने एकूण 100 मिली करा. काचपट्टीवर याचा थेंब, त्यात पराग, आणि पट्टी ओला टिपकागद घातलेल्या झाकणाच्या बशीत. तासाआधी निदान एक तास मांडून ठेवा. नुसत्या पाण्यात पराग पाणी शोषून फुटतात. तीही एक पट्टी शेजारी ठेवली तर साखर कशाला, हा प्रश्न मुलंच सोडवतात. बोरिक आम्ल मुलांच्या हाती नको आणि शेवटी सगळ्यांनी हात धुवावेत.

शोभेच्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं, म्हणून फलनानंतरचं दाखवायला तिच्याच कुळातली कच्ची भेंडी आणा. आडवी चकती जास्वंदीच्या छेदाशेजारी ठेवा: तेच कप्पे, फक्त बीजांडांच्या जागी बिया. चकत्या आधी कापून ठेवू नका, कडा काळवंडतात.