फुलं दाबताना या चुका टाळा

"ताई, महिनाभर पुस्तकात ठेवलं होतं, तरी काळं पडलं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचीने पुस्तक उघडायच्या आत मीच विचारते, कागद बदलला होतास का? उत्तर ठरलेलं: "बदलायचा असतो?"

असतो बाई. नुसतं चपटंच करायचं तर पोळपाटाखालीही दोन मिनिटांत होईल. आपल्याला फुलातलं पाणी काढायचंय, आणि ते जाणार कुठे? कागदात. कागद ओला झाला की फूल त्याच ओलीत पडून राहतं, तपकिरी होतं, मग बुरशी धरतं. मी पहिला कागद चोवीस तासांत बदलते, मग दोन-दोन दिवसांनी. पावसाळ्यात पहिले चार दिवस रोज. पहिल्यांदा कागद बदलताना फूल लुळं असतं. दुमडलेली पाकळी सुईच्या टोकाने तेव्हाच सरळ करून घ्यायची, नंतर हात लावाल तर तुटेल. वनस्पतिशास्त्राची मुलं हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या झाडापानांच्या संग्रहासाठी, नमुने वाळवतात तेव्हा हेच करतात. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या ब्लाटर हर्बेरियममध्ये शंभर वर्षांहून जुने नमुने आहेत, तेही असेच कागदात दाबून वाळवलेले.

कागद कुठला, यावरूनही घोळ. मासिकाचा गुळगुळीत कागद पाणी पीतच नाही. नक्षीदार टिश्यूची नक्षी पाकळीवर उमटते, एकीचं कॉसमॉसचं फूल पुरळ उठल्यासारखं दिसत होतं. फुलाला लागून साधा कोरा कागद आणि त्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना आठ-दहा पदरी जुनं वर्तमानपत्र, ही माझी पद्धत. वर्तमानपत्र थेट फुलाला लावू नका, पांढऱ्या पाकळीवर शाई येते.

आता माझीच फजिती सांगते. भाचीच्या साखरपुड्याला साठ कार्डं करायची होती, जुलै महिना, हातात आठवडा. केशरी कॉसमॉस आणि नेच्याची पानं दाबली. तिसऱ्या दिवशी पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या कुरकुरीत लागल्या. झालं, म्हटलं! चिकटवून वर पारदर्शक चिकटफिल्म लावली आणि गठ्ठा ताईकडे पाठवला. आठव्या दिवशी ताईचा फोन: "अगं, फुलांच्या मधोमध कापूस लावलायस का?" पाकळ्या वाळल्या होत्या, पण मधली पिवळी चकती आणि तिच्याखालचा हिरवा जाड देठ आतून ओलाच होता. फिल्मखाली ओल कोंडली, राखाडी बुरशी आली, भोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ. एका पाहुण्यांना ते डिझाइन वाटलं म्हणे. बाकीच्यांना वाटलं नाही.

तेव्हापासून मी बोटांवर विश्वास ठेवत नाही. फुलाचा जाड भाग वरच्या ओठाला लावून बघते. गार लागला तर आत पाणी आहे, परत कागदात. खोलीतल्या बाकी वस्तूंइतकाच लागला तर वाळलंय. पातळ फुलांना उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, पावसाळ्यात तीन आठवडे धरा. "लवकर नाही का होणार?" विचारणाऱ्यांना मी सरळ सांगते, मग बाजारातून कागदी फुलं आणा.

लवकर करायच्या युक्त्या मलाही माहीत आहेत. इस्त्री चालते, पण वाफ पूर्ण बंद, सगळ्यात कमी गरम, फुलाच्या खाली-वर कागद, आणि एका वेळी आठ-दहा सेकंदच. मायक्रोवेव्हवाल्यांशी मी वाद घालत नाही. फक्त स्टेपलची पिन किंवा क्लिप आत जाऊ देऊ नका आणि करपलेलं फूल मला दाखवायला आणू नका.

फूल निवडतानाच निम्मी माणसं हरतात. जास्वंदीत चिकट द्रव असतो, ती कागदाला अशी बसते की कागद फाडूनच काढावी लागते. मोगरा नि चाफा तपकिरी होणारच, हट्ट सोडा. लाल गुलाबाचा रंग काळपट लाल होतो, तरी हवाच असेल तर पाकळ्या सुट्या करून दाबा. शेवंतीचंही तेच. नवशिक्यांनी बोगनवेलीपासून सुरुवात करावी. तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नाहीतच, रंगीत पानं आहेत, आणि त्यांत पाणी नावापुरतं. पिवळे-केशरी रंग सहसा टिकतात. गुलमोहराच्या सुट्या पाकळ्याही छान येतात.

फुलं सकाळी दव वाळल्यावर तोडा. बागेला पाणी घातल्या घातल्या नको. आणि कासच्या पठारावरून एकही फूल खुडून आणू नका, कोपऱ्यावरचा तेरडा पुरतो.

वाळलेली फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. पण बुटांच्या खोक्यातली चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली पुडी टाकून काय उपयोग? ती कधीच पोटभर पाणी पिऊन बसलीय. रंग बदलणारे दाणे आणा, निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करून परत वापरा. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. कसर लागते, म्हणून डबा अधूनमधून उघडून बघा.

चिकटवताना पांढरा गोंद थापू नका. त्यात पाणी असतं, तीन आठवड्यांनी वाळवलेली पाकळी मिनिटात सुरकुतते. मी उदबत्तीच्या काडीच्या टोकावर जेमतेम मोहरीएवढा घेते, फक्त मधोमध लावते, वर कोरा कागद ठेवून रात्रभर पाटा ठेवते. फ्रेम केलीत तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो.