स्टेफी ग्राफचा स्लाइस मुलींना कसा शिकवावा

टेनिसपटू स्टेफी ग्राफचं नाव निघालं की बोलणं तिच्या फोरहँडवर, म्हणजे उजव्या बाजूच्या फटक्यावर, येतं. १९८७ ते १९९९ या काळात एकेरीची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं, एकूण ३७७ आठवडे पहिला क्रमांक, १९८८ साली चारही ग्रँड स्लॅम आणि वर सोल ऑलिंपिकचं सुवर्ण. या सगळ्यात फोरहँडचा वाटा मोठा आहेच. पण तो मारायची संधी तिला बहुतेक वेळा बॅकहँडच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या, स्लाइसनं (चेंडूला उलटी फिरकी देणाऱ्या फटक्यानं) मिळवून दिली. खोल पडून खाली सरपटणारा चेंडू समोरचीला गुडघे वाकवून उचलावा लागायचा, आणि तेवढ्या वेळात स्टेफी चेंडूला वळसा घालून फोरहँडला उभी असायची. म्हणून इंदुरातल्या पालकांना आणि शिकवणाऱ्या ताई-दादांना पहिलंच सांगणं: स्लाइस सुटा शिकवू नका. स्लाइस, परतीची पावलं आणि पुढचा फोरहँड हे तिन्ही एकत्रच शिकवा.

मुलगी ११-१२ वर्षांची झाली आणि तिचा दोन हातांचा बॅकहँड बसला की सुरुवात करावी. तो बॅकहँड मोडायचं काही कारण नाही. अ‍ॅश बार्टीनं दोन हातांचा बॅकहँड आणि एका हाताचा स्लाइस असे दोन्ही सांभाळत २०१९ ची फ्रेंच, २०२१ ची विम्बल्डन आणि २०२२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. आजच्या मुलीसाठी हाच मेळ योग्य आहे.

पुढचं सगळं उजव्या हाताच्या मुलीसाठी. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेटची कड जमिनीकडे ठेवून ती समोर धरली की वरचा सपाट पैलू पहिला, त्याच्या उजवीकडचा तिरका दुसरा. तर्जनीच्या मुळाचा सांधा या दुसऱ्या पैलूवर ठेवायचा, ही कॉन्टिनेंटल ग्रिप. स्टेफीचा फोरहँड ईस्टर्न ग्रिपचा, म्हणजे तिसऱ्या पैलूवरचा होता. एका पैलूचा फरक, त्यामुळे ग्रिप बदलायला तिला वेळ लागत नसे. आपल्या मुली बहुतेक सेमी-वेस्टर्न, म्हणजे चौथ्या पैलूवर फोरहँड मारतात. त्यांना दोन पैलू फिरवावे लागतात आणि घोटाळा इथेच होतो. उपाय डाव्या हातात आहे. डावा हात सतत रॅकेटच्या गळ्याशी हवा आणि रॅकेट त्यानंच फिरवायची. उजवी मूठ फक्त सैल सोडायची. घरी टीव्हीसमोर बसून रोज पाच मिनिटं, न बघता, फोरहँड-स्लाइस-फोरहँड असा बदल करायला लावा. कोर्टावर यासाठी वेळ घालवू नका.

आता फटका. खांदे इतके वळवायचे की पाठीचा थोडा भाग नेटला दिसावा. रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर, खांद्याच्या उंचीला. उजवा पाय पुढे टाकून वजन त्यावर, आणि चेंडू त्या पायाच्या साधारण एक वीत पुढे घ्यायचा. रॅकेटची जाळी किंचितच उघडी, म्हणजे जराशी आकाशाकडे कललेली. हात वरून खाली येतो खरा, पण त्याहून जास्त तो पुढे जातो. त्याच वेळी डावा हात मागे ताणायचा, म्हणजे छाती नेटकडे उघडत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. मुली चेंडू कापतात, कुऱ्हाड घातल्यासारखा. हार्ड कोर्टवर असा चेंडू टप्पा पडून वर उभा राहतो आणि समोरची पुढे येऊन तो संपवते. फटका संपल्यावर रॅकेट गुडघ्याशी दिसली तर समजा कापला. ती लक्ष्याच्या दिशेनं, निदान कंबरेच्या वर थांबली पाहिजे. चेंडू तरंगत बेसलाइनबाहेर (कोर्टच्या मागच्या रेघेबाहेर) जात असेल तर जाळी जास्त उघडली आहे. सारखा नेटमध्ये जात असेल तर बहुधा उशिरा, शरीराच्या बाजूला घेतला जातोय. मग ग्रिपला हात लावू नका, खांदे लवकर वळवायला सांगा.

सराव असा लावावा. नेटच्या दोन्ही खांबांना काठ्या बांधून नेटच्या वर साधारण ५० सेंटीमीटरवर सुतळी ताणा. चेंडू नेट आणि सुतळीच्या मधून गेला पाहिजे. पलीकडे बेसलाइनच्या आत दोन मीटरवर खडूची रेघ ओढा, तो झाला चेंडू पडायचा पट्टा. पहिला आठवडा मुलगी सर्व्हिस लाइनवर (नेट आणि बेसलाइनच्या मधल्या आडव्या रेघेवर) उभी आणि तुम्ही तीन-चार मीटरवरून हातानं चेंडू द्यायचा, दहा-दहाचे चार संच. दहातले सहा मधून जायला लागले की तिला बेसलाइनवर न्या आणि रॅकेटनं चेंडू द्या. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरे. खांदा थकला की कापणं परत सुरू होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून पावलं जोडा. स्लाइस मारल्यावर बेसलाइनच्या मध्यखुणेवर न परतता तिच्या डावीकडे अर्धा-पाऊण मीटरवर थांबायचं. पुढचा चेंडू बॅकहँडच्या बाजूला, मंद द्या. मुलीनं बारीक पावलं टाकत त्याला वळसा घालून फोरहँड तिरका मारायचा. दोन लांब ढांगांत जायचा प्रयत्न केला की चेंडू अंगाशी येतो. निदान पाच-सहा पावलं मोजून टाकायला लावा.

ही योजना फोडता येते, तेही मुलीला सांगा. उजवा कोपरा उघडा राहतो. स्टेफी विलक्षण धावायची म्हणून तिला ते परवडलं. तरी तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस चेंडू उठता उठता घेऊन ती वेळच मिळू देत नसे. १९९२ चा फ्रेंच अंतिम सामना सेलेसनं ६-२, ३-६, १०-८ असा घेतला, तो या दृष्टीनं बघावा. नेटवर येणारीसमोर मंद स्लाइस धोक्याचा असतो, तिथे दोन हातांचा बॅकहँडच हवा. खांद्याच्या वर उसळलेल्या चेंडूवरही स्लाइसचा हट्ट नको.

जुने सामने मुलीला आवाज बंद करून दाखवा आणि चेंडू सोडून फक्त स्टेफीचे पाय बघायला सांगा. १९८८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ती नवरातिलोव्हाविरुद्ध ५-७, ०-२ अशी मागे होती आणि पुढच्या १३ पैकी १२ गेम तिनं जिंकले. १९९५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सांचेझ व्हिकारिओविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-५ वर एकच गेम सुमारे वीस मिनिटं चालला. एवढ्या थकव्यातही पावलं कशी टाकली जातात, ते त्या एका गेममध्ये दिसतं. तो पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे.

इंदूरच्या हवेचं थोडं. मे महिन्यात सकाळी आठच्या आत सराव उरका; तापलेल्या हवेत चेंडू जास्त उसळतो, लांब जातो आणि मुलगी नकळत जाळी मिटायला लागते. थंडीत पहाटे कोर्टवर दव असेल तर आधी वायपर फिरवा. ओला चेंडू जड होतो, त्यावर कोवळं मनगट दुखावतं. पावसाळ्यात कोर्ट मिळालं नाही तर भिंतीवर नेटच्या उंचीची, मध्यभागी ९१ सेंटीमीटरची, रेघ ओढून सराव चालतो. फक्त भिंतीपासून सात-आठ मीटर लांब उभं करा, कारण जवळून स्लाइस मारला की खांदे वळायला वेळच मिळत नाही.