इंटिरियर डिझाइन वेगळं आणि फिट-आउट वेगळं, कोटेशनवर सही करायच्या आधी हे नीट समजून घ्या

मुंबईत नवीन फ्लॅटची चावी हातात आली, मग तो रिडेव्हलपमेंटचा असो नाहीतर म्हाडाचा, की सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "आता इंटिरियर करायचंय". व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की कुणी डिझायनरचा नंबर देतं, कुणी मेव्हण्याच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचा, कुणी घरी येऊन लॅपटॉपवर थ्रीडी दाखवणाऱ्या कंपनीचा, आणि तिघंही फोनवर हेच सांगतात की हो हो, आम्ही इंटिरियर करतो. पण तिघांचं काम वेगळं असतं, जबाबदारी वेगळी असते आणि बिल लावायची पद्धतही वेगळी असते. हे आधी कळलं नाही तर काम अर्ध्यावर आल्यावर "हे माझ्या स्कोपमधे नव्हतं" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार, आणि तेव्हा भिंती फोडलेल्या असतात, भाड्याच्या घराचं भाडं चालू असतं, त्यामुळे तुम्हाला मान डोलावण्याशिवाय पर्याय नसतो.

तर सरळ सांगायचं तर डिझाइन म्हणजे ठरवणं आणि फिट-आउट म्हणजे ते बांधून, बसवून, चालू करून देणं. डिझायनर तुमच्या घरात कोण राहतं, आजींना रात्री बाथरूमला जाताना लाईट कुठे लागते, मुलांचा अभ्यास कुठे होणार, देव्हारा कुठल्या भिंतीला, हे सगळं विचारून ते कागदावर आणतो. फिट-आउट करणारा कॉन्ट्रॅक्टर तो कागद घेऊन गवंडी, प्लंबर, वायरमन, पीओपीवाला, सुतार, पेंटर यांना साइटवर उतरवतो, माल आणतो, काम करून घेतो. डिझायनर विकतो ड्रॉइंग आणि निर्णय, कॉन्ट्रॅक्टर विकतो मजुरी, माल आणि देखरेख.

थ्रीडी चित्र म्हणजे डिझाइन नाही, हे मला अगदी ठासून सांगायचंय. सोफ्यामागे पिवळा प्रकाश पडलेला दिसतो ते चित्र तुम्हाला आवडावं म्हणून असतं, साइटवरच्या वायरमनला त्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याला पाहिजे इलेक्ट्रिकल लेआउट, म्हणजे कुठला पॉइंट कुठल्या भिंतीवर, तयार फ्लोअरिंगपासून किती उंचीवर, 6 अँपिअरचा की 16 चा. गवंड्याला पाहिजे कुठली भिंत तोडायची आणि कुठली नवीन उभी करायची त्याचा प्लॅन. प्लंबरला पाण्याच्या लाइनचा, पीओपीवाल्याला सीलिंगचा, टाइलवाल्याला टाइल कुठून सुरू करायची त्याचा आणि सुताराला प्रत्येक कपाटाचा समोरून आणि आतून काढलेला, मापं टाकलेला. हा सगळा सेट मिळत असेल तर तुम्ही डिझाइनचे पैसे देताय, नुसतं चित्र आणि "बाकी साइटवर बघून घेऊ" असेल तर डिझाइन झालेलंच नाही आणि ते ठरवणार शेवटी सुतार, त्याच्या सवयीप्रमाणे.

आता जबाबदारी कशी विभागली जाते ते बाथरूमच्या उदाहरणावरून बघा, कारण मुंबईच्या चार बाय सहाच्या बाथरूममधे सगळं उघडं पडतं. अंघोळ झाली आणि पाणी कोपऱ्यात साचून राहिलं. ड्रॉइंगमधेच नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड, वॉश बेसिनच्या कपाटाखाली दाखवला असेल, जिथे ना उतार देता येतो ना साफ करायला हात जातो, तर चूक डिझायनरची. ट्रॅप बरोबर जागी आहे पण टाइल बसवताना उतार उलटा आला, तर चूक कॉन्ट्रॅक्टरची आणि टाइल उखडून परत लावायचा खर्च त्याचा. आणि ड्रॉइंगच नसेल, कुणीतरी तोंडी "इकडेच घ्या" म्हटलं असेल, तर चूक कुणाचीच नाही आणि पैसे तुमचे. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागतो की कागद घ्या, प्रत्येक कागदावर तारीख आणि रिव्हिजन नंबर असू द्या आणि साइटच्या भिंतीवर शेवटच्या रिव्हिजनचीच प्रिंट चिकटवा.

मग तुम्हाला नक्की कोण पाहिजे? नुसतं रंगकाम, किचनचा ओटा बदलणं, दोन कपाटं, बाथरूमच्या टाइल्स एवढंच असेल तर चांगला कॉन्ट्रॅक्टर पुरतो, आणि त्याच्यासोबत अर्धा दिवस बसून पॉइंटची यादी तुम्ही स्वतः करू शकता. लेआउट बदलायचा असेल, म्हणजे वन बीएचकेमधे आईबाबांसाठी दुसरी झोपायची जागा काढायचीय, किचन उघडं करायचंय, स्टोरेज हवंय, तर डिझायनरचे पैसे द्या, तो खर्च वाया जात नाही, कारण 400 स्क्वेअर फूट कार्पेट एरियामधे, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत, सहा इंच इकडचे तिकडे झाले तर फ्रिजचं दार उघडत नाही. आणि भिंत, बीम, कॉलम यातल्या कशाला हात लावायचा असेल तर या दोघांच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. गिरगाव, दादर, परळच्या जुन्या इमारतींत कित्येक ठिकाणी भिंतीच वजन उचलतात, तिथे "ही पार्टिशनचीच भिंत आहे" असं डिझायनर म्हणाला किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तरी घण घालू देऊ नका, इंजिनिअरचं लेखी घ्या, तुमच्या वरती माणसं राहतायत.

इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आर्किटेक्ट हे नाव लावायला 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला असं कुठलं सरकारी लायसन्स लागत नाही. त्यामुळे इन्स्टाग्राम बघून माणूस ठरवू नका, त्याच्या आधीच्या एखाद्या कामाचा ड्रॉइंग सेट बघायला मागा आणि जमलं तर ते घर बघून या, दोन पावसाळे झालेलं असेल तर उत्तमच. पावसाळ्यानंतर कळतं कपाटाचं शटर फुगलंय का, लॅमिनेटच्या कडा सुटल्यात का, खिडकीखालची पुट्टी पापुद्र्यासारखी निघतेय का.

परवानग्यांचं काम नक्की कोण करणार हे पण लिहून घ्या, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. प्लास्टर, रंग, फ्लोअरिंग अशा साध्या दुरुस्तीला 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 342 मधे सूट आहे, स्ट्रक्चरमधे बदल असेल तर महापालिकेची परवानगी लागते. सोसायटीची एनओसी मात्र साध्या कामालाही घ्याच, डिपॉझिट, मजुरांचे पास, लिफ्टमधून माल न्यायचा की जिन्याने, दुपारी ठोकाठोकी बंद, रविवारी काम बंद, हे सगळं कॉन्ट्रॅक्टरला आधी दाखवा, कारण दिवसाला पाचसहा तासच मोठ्या आवाजाचं काम होणार असेल तर त्याचं 45 दिवसांचं वेळापत्रक खोटं आहे. डेब्रिजच्या, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याच्या, गोण्या कोण उचलणार आणि कुठे टाकणार हे पण त्यात आलं, रात्री खाडीत नाहीतर नाक्यावर फेकून देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा, महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, तिचा खर्च कोटेशनमधे धरायला सांगा. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर ती गॅस कंपनीकडूनच, प्लंबरने हात लावायचा नाही. दोन-तीन एसी वाढत असतील तर वीज कंपनीकडे लोड वाढवायचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी.

आता कोटेशन वाचायचं कसं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण पैसे इथेच जातात. डिझायनरचं कोटेशन फीचं असतं, स्क्वेअर फुटावर, नाहीतर एकूण कामाच्या टक्क्यांवर, नाहीतर एकरकमी. टक्क्यांवर असेल तर काम जितकं महाग तितकी फी जास्त हे लक्षात असू द्या आणि शक्यतो एकरकमी ठरवा. किती ड्रॉइंग, किती वेळा बदल फुकट, साइट व्हिजिट आठवड्याला किती, हे तीन प्रश्न विचाराच. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन मात्र बीओक्यूवर पाहिजे, म्हणजे प्रत्येक काम, त्याचं माप, त्याचा दर आणि कुठला माल. "वॉर्डरोब 1 नग" असं लिहिलेलं असेल तर परत पाठवा. सात फूट उंच आणि सहा फूट रुंद वॉर्डरोब समोरून मोजला तर 42 स्क्वेअर फूट होतो, त्याला दर किती, वरचा लॉफ्ट त्यात धरलाय की वेगळा, आतले ड्रॉवर त्यात की वेगळे, प्लाय किती एमएमचा, बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज आहेत का, हे लिहिलेलं पाहिजे. किचन आणि बाथरूमच्या कपाटांना आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय लिहून घ्या, आणि तो शिक्का साइटवर आलेल्या 8 बाय 4 च्या शीटवर स्वतः बघा, लॅमिनेट चिकटल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. वायरचं पण तसंच, लाईटला 1.5, पॉवर पॉइंटला 2.5 आणि एसीला 4 स्क्वेअर एमएम असं लिहिलेलं असू द्या. 18 टक्के जीएसटी आत आहे की वरून लागणार, हा प्रश्न शेवटी न विचारता पहिल्याच मीटिंगला विचारा. आणि नुसतं "कार्पेटवर अमुक रुपये स्क्वेअर फूट, सगळं आलं" म्हणणाऱ्या दोघांची तुलना करताच येत नाही, कारण दोघांच्या "सगळं" मधे वेगवेगळ्या वस्तू असतात. ड्रॉइंगचा सेट आधी पूर्ण केला तर तोच सेट तीन कॉन्ट्रॅक्टरना देऊन एकाच यादीवर दर मागवता येतात, डिझाइन आणि फिट-आउट वेगळं ठेवायचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

टर्नकी म्हणजे दोन्ही एकाच छताखाली. ज्यांना ऑफिसमधून रजाच मिळत नाही, जे पुण्याला नाहीतर दुबईला बसून मुंबईचं घर करतायत त्यांना ते सोयीचं पडतं, मी नको म्हणणार नाही. पण त्यात कॉन्ट्रॅक्टरच्या कामावर नजर ठेवणारा डिझायनर त्याचाच माणूस असतो, म्हणजे तुमच्या बाजूने कुणी उभं नसतं. त्यामुळे टर्नकी घेतलं तरी ड्रॉइंग आणि बीओक्यू वेगळे मागा, आणि पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखेवर नाही. ॲडव्हान्स थोडा, मग तोडफोड आणि प्लंबिंग, वायरिंग आणि प्लास्टर, फ्लोअरिंग, सीलिंग आणि सुतारकाम, रंग आणि फिटिंग, आणि शेवटचे 5 टक्के तरी राहायला आल्यावर किरकोळ त्रुटींची यादी पूर्ण झाली की.

साइटवर दोन वेळा तुम्ही स्वतः हजर राहा, बाकी नाही जमलं तरी चालेल. पहिली वेळ म्हणजे झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत खाचा पाडून, पाइप टाकले पण प्लास्टर व्हायचंय तेव्हा. प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, कुठल्या भिंतीत किती उंचीवर पाइप आहे ते दिसलं पाहिजे, पुढे टीव्हीचा नाहीतर फोटोफ्रेमचा खिळा ठोकताना तेच फोटो कामाला येतात. दुसरी वेळ म्हणजे बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावायच्या आधी. पाणी भरून निदान 24 तास, 48 ठेवलं तर आणखी चांगलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना विनंती करून त्यांचं सीलिंग बघून या. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल दोन दिवस वाया जातील, जाऊ द्या.

ऑफिसचं काम असेल, अंधेरीला नाहीतर बीकेसीला जागा घेतली असेल, तर फिट-आउट हा शब्द आणखी मोठा होतो. बेअर शेलमधे नुसता स्लॅब आणि बाहेरच्या भिंती मिळतात, वॉर्म शेलमधे एसी, फायर लाइन, बेसिक लाईट यातलं काहीतरी असतं, नक्की काय ते ॲग्रीमेंटच्या परिशिष्टात बघा. केबिनच्या भिंती टाकल्या की स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर सरकवावे लागतात, आणि ते काम महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे लायसन्सधारक एजन्सीकडूनच, सीलिंगवाल्या पोराने नाही. भाडंमाफीचा जो फिट-आउट काळ मालक देतो तो डिझाइन करण्यात घालवू नका, ड्रॉइंग ॲग्रीमेंटची बोलणी चालू असतानाच सुरू करा म्हणजे ताबा मिळाला की दुसऱ्या दिवशी माणसं आत.

काम संपल्यावर डिझायनरकडून शेवटची, साइटवर जे झालं ते दाखवणारी ड्रॉइंग घ्या, कॉन्ट्रॅक्टरकडून माल घेतल्याची बिलं, गिझर, पंखे, हार्डवेअरची वॉरंटी कार्डं, रंगाचे शेड नंबर आणि शिल्लक टाइल्सचा एक बॉक्स. सोसायटीचं डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय आणि लॉबीतले रंगाचे डाग निघाल्याशिवाय शेवटचा चेक लिहू नका.