जुन्या मसल कारला नवे पत्रे बसवण्याची पद्धत

मसल कार म्हणजे ताकदवान इंजिनाची अमेरिकी गाडी. तिचा गंजलेला पत्रा कापणे आणि त्या जागी नवा जोडणे म्हणजे मुख्यतः वेल्डिंगचे काम, असा समज अनेक गॅरेजांत आढळतो. माझ्या मते हे काम मुख्यतः जुळवणीचे आहे. दार, मडगार्ड, बोनेट, मागच्या चाकावरचा पत्रा आणि डिकी या सर्वांमधल्या फटी एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे एक पत्रा कायमचा जोडला की बाकीच्यांच्या जागा जवळजवळ ठरून जातात. म्हणून संपूर्ण गाडी एकदा कोरडी, म्हणजे वेल्डिंग आणि रंगाविना, फक्त बोल्ट, स्क्रू आणि क्लॅम्प यांच्या आधारावर उभी करून पाहावी. ती मनासारखी दिसेपर्यंत एकही नवा पत्रा वेल्ड करू नये.

सुरुवातीला गाडीची बांधणी समजून घ्यावी. एप्रिल १९६४ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगला स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नाही. अँबेसेडर आणि पद्मिनी यांच्याप्रमाणेच तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. शेव्हरोले शेव्हेलची बॉडी वेगळ्या चासीवर रबरी गाद्यांच्या आधाराने बसते. १९६७ च्या मॉडेलपासूनची पहिली कॅमॅरो या दोहोंच्या मधली: मागचा भाग एकसंध आणि पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन धरणारी अर्धी चौकट, बोल्टने जोडलेला. हा फरक कामाचा क्रम ठरवतो. शेव्हेल किंवा कॅमॅरो असेल, तर दबलेल्या किंवा चिरलेल्या रबरी गाद्या बदलून, बॉडी आणि फ्रेम एकमेकींशी सरळ करून मगच पत्र्यांकडे वळावे, कारण जुन्या गाद्यांवर जुळवलेली फट नव्या गाद्या बसवताच बिघडते. मस्टँगमध्ये उलट काळजी घ्यावी लागते. दाराखालचा सिल, फ्लोअर किंवा मागच्या चाकावरचा पत्रा कापताच तिच्या सांगाड्याचा आधार कमी होतो आणि बॉडी नकळत खचते.

यासाठी गाडी कशावर उभी आहे, याला फार महत्त्व आहे. गोव्यातल्या बहुतेक गॅरेजांची जमीन पावसाचे पाणी निघून जावे म्हणून उतरती केलेली असते, आणि डोळ्यांना तो उतार जाणवतही नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही आधारांची उंची एका पातळीत आणावी. स्टँड सस्पेन्शनच्या ठिकाणी, म्हणजे जिथे चाकांमुळे भार पडतो तिथे द्यावेत. इंजिन आणि गिअरबॉक्स बसवलेले असतील तर उत्तम. काढलेले असतील, तर पुढच्या भागावर तेवढे वजन नाही हे लक्षात ठेवून अंतिम जुळवणी ते बसवल्यानंतर पुन्हा तपासावी. कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत २५ मिलिमीटरचे चौकोनी पाइप तिरपे आणि आडवे वेल्ड करून ती जखडून ठेवावी. हे पाइप दार बंद होण्याच्या आड येणार नाहीत अशा रीतीने आतल्या बाजूस लावावेत, कारण दार लावून पाहिल्याशिवाय पुढचे काम होत नाही. चौकटीच्या दोन्ही तिरप्या मापांची नोंद वहीत करून ठेवावी आणि कापण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर ती मापे पुन्हा घ्यावीत.

आता नव्या पत्र्यांविषयी. बाजारात मिळणारे बहुतेक पत्रे मूळ कारखान्याचे नसून नव्या साच्यांवर काढलेले असतात. त्यांची वळणे, कडा आणि बोल्टची छिद्रे तंतोतंत जुळतीलच असे नाही, त्यामुळे पत्रा आल्या दिवशीच तो जुन्या पत्र्याशेजारी ठेवून रेषा, जाडी आणि छिद्रांची अंतरे पडताळावीत. त्यावरचा काळा थर हा प्रायमर समजून थेट रंगवू नये. कापडाला थिनर लावून एका कोपऱ्यावर घासावे. थर विरघळून कापडावर आला, तर तो केवळ वाहतुकीपुरता असल्याने पूर्ण काढून टाकावा. न विरघळल्यास तो घासून खरबरीत करून त्यावर एपॉक्सी प्रायमर देता येतो. जुना पत्रा मात्र काम पूर्ण होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये. त्यातली एखादी कड, एखादा ब्रॅकेट किंवा मूळ वळणाचा नमुना पुढे हमखास लागतो.

कागदपत्रांशी संबंधित एक बाबही इथेच सांगायला हवी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून बदललेल्या प्रत्येक पत्र्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत आणि मूळ आकार बदलू नये. मस्टँगचा ओळख क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डाच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. तेवढा तुकडा कोणत्याही परिस्थितीत कापू नये. गंज आसपास असेल, तर त्याच्याभोवती काम करावे. सुरुवातीच्या वर्षांच्या मस्टँगमध्ये चालकाच्या दारावर माहितीची धातूची पट्टी असते. दार बदलल्यास ती जपून काढून ठेवावी.

मस्टँगच्या १९६५ ते १९६८ च्या मॉडेलांत पुढच्या काचेखालचा हवा घेणारा पत्रा आतून गंजतो आणि पावसाचे पाणी थेट पायाशी येते. तिथवर नीट पोहोचायचे तर मडगार्डे उतरलेली असतानाच, म्हणून नवी बसवण्यापूर्वी त्या पत्र्यावरच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून आत कुठे झिरपते ते पाहावे. जून ते सप्टेंबर असा मुसळधार पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात ही तपासणी टाळणे म्हणजे नव्या फ्लोअरला पुन्हा गंजायला सोडणे होय. ज्या गाड्यांच्या छतावर व्हिनाइलचे आवरण असते, त्यांच्या मागच्या काचेचे खालचे कोपरेही अशाच संशयाने पाहावेत.

जुळवणीचा क्रम मागून पुढे असतो. मागच्या चाकावरचा पत्रा मूळचाच राहणार असेल, तर तो स्थिर धरून त्याच्याशी दार, दाराशी मडगार्ड आणि दोन्ही मडगार्डांशी बोनेट जुळवावे. तो पत्राही बदलायचा असेल, तर आधी दार पुढच्या खांबाशी आणि सिलशी नीट बसवून, त्या दाराला आणि डिकीच्या झाकणाला धरून नवा पत्रा उभा करावा. दोन्ही बाजूंचे पत्रे एकाच वेळी कापू नयेत. एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरी बाजू आपली मापपट्टी असते, तिच्यावरून मूळ फट किती होती आणि रेषा कुठे होती हे कळते.

सर्वांत जास्त वेळ दाराला द्यावा. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलावे. ते हलल्यास बिजागरीच्या पिना आणि बुश झिजलेले आहेत असे समजावे आणि ते बदलल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये, कारण झिजलेल्या बिजागरीवर केलेली जुळवणी टिकत नाही. दाराचा स्ट्रायकर, म्हणजे खांबावरची ती खुंटी जिच्यात लॉक अडकते, जुळवणीच्या काळात काढून ठेवावी. नाहीतर ती दाराला चुकीच्या जागी ओढते आणि आपल्याला वाटते की फट जमली. बहुतेक गाड्यांत खांबाकडचे बोल्ट सैल केल्यावर दार वर-खाली आणि पुढे-मागे सरकते, तर दाराकडचे बोल्ट सैल केल्यावर आत-बाहेर. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करावेत, म्हणजे दुसरी बिजागरी दाराला धरून ठेवते. आधीची जागा कळावी म्हणून बिजागरीभोवती टोकदार सुईने रेघ ओढून ठेवावी.

दारात काच, काच चढवण्याची यंत्रणा आणि नवे रबर बसवूनच अखेरची जुळवणी करावी. काचेच्या वजनाने दार खाली येते आणि नवे, ताठ रबर त्याला बाहेर ढकलते. रिकाम्या दाराची सुंदर दिसणारी फट रंगानंतर रबर लावल्यावर बिघडलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे, आणि तेव्हा रंग खरवडल्याशिवाय फारसे काही करता येत नाही. म्हणून रबर महाग असले, तरी ते आधीच मागवून ठेवावे.

फट मोजायला अॅक्रिलिकच्या ४ आणि ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून घ्याव्यात. पट्टी फटीत वरपासून खालपर्यंत सरकवताना कुठे अडकते आणि कुठे सैल होते ते पेन्सिलीने पत्र्यावरच लिहावे. त्या काळात अमेरिकी कारखान्यांतूनही फटी सारख्या निघत नसत, तेव्हा आजच्या गाड्यांसारखी काटेकोर फट हे लक्ष्य नसावे. वरून खाली सारखी जाणारी फट असली म्हणजे डोळा समाधानी होतो. प्रायमर आणि रंगाचे थर प्रत्येक कडेवर चढतात आणि दोन्ही कडा मिळून फट सुमारे अर्ध्या मिलिमीटरने कमी होते, हे गृहीत धरून उघड्या पत्र्यात ती तेवढी मोकळी ठेवावी. फटीइतकीच पातळीही पाहावी, म्हणजे दोन पत्रे एका सपाटीत येतात का आणि अंगावरची उभारलेली रेषा मडगार्डापासून मागपर्यंत तुटते का. त्यासाठी तळहात सावकाश आडवा फिरवणे पुरेसे आहे.

मडगार्ड बसवताना सर्व बोल्ट हातानेच लावावेत. आधी दाराजवळचे वरचे आणि खालचे बोल्ट जुळवावेत, मग पुढचे. फट वाढवायची असेल तिथे पत्रा आणि आधार यांच्यामध्ये यू आकाराच्या चकत्या सरकवाव्यात. कारखान्यातही अशा चकत्या वापरत, त्यामुळे त्यांचा संकोच बाळगू नये. जुने मडगार्ड उतरवतानाच कोणत्या बोल्टखाली किती चकत्या होत्या हे लिहून ठेवले, तर अर्धे काम होते. छिद्र जुळत नसेल तर ते कानसीने थोडे लांबट करावे, पण पत्र्याला हातोड्याने ओढून बोल्टपर्यंत आणू नये. तसे केल्यास तो ताण पत्र्याच्या मध्यभागी लाट होऊन दिसतो.

बोनेट पहिल्यांदा बंद करताना लॉक काढून ठेवावे, दोन माणसांनी धरावे आणि मडगार्डांच्या कडांवर जाड टेप लावावी. बोनेटच्या मागच्या कडेची उंची बिजागरीच्या बॉडीकडच्या बोल्टांवर, पुढे-मागे सरकणे बोनेटकडच्या बोल्टांवर आणि पुढच्या कोपऱ्यांची उंची रबरी टेकूंवर अवलंबून असते. हे तीन व्यवहार वेगळे ठेवले की गोंधळ होत नाही.

सर्व जमल्यावर, आणि तेव्हाच, वेल्डिंग. त्याआधी बॅटरीची तार काढावी आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. कारखान्याने स्पॉट वेल्ड केलेल्या, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडलेल्या, जागी जुना पत्रा सुटा करण्यासाठी ८ मिलिमीटरचा स्पॉट कटर वापरावा आणि फक्त वरचा पत्रा कापावा, खालचा शाबूत ठेवावा. नव्या पत्र्याच्या कडेला तितक्याच अंतरांवर छिद्रे पाडून ती मिग वेल्डिंगने, म्हणजे तार आपोआप पुढे येणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने, भरावीत. जिथे पत्रा सपाट भागात कापून जोडावा लागतो, तिथे एकावर एक चढवण्याऐवजी दोन्ही कडा समोरासमोर आणून जोडाव्यात. चढवलेल्या जोडाच्या पोटात ओल आणि खारा दमट वारा अडकतो, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्या किंवा फेरीबोटीने नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीत तो जोड आतून लवकर गंजतो.

समोरासमोरच्या जोडात अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवून, ०.६ मिलिमीटरच्या तारेने आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्र वायूने एकेक ठिपका द्यावा, दुसरा त्यापासून दूर द्यावा आणि मधली जागा सावकाश भरत यावी. ठिपका हाताला थंड लागेपर्यंत शेजारी दुसरा देऊ नये आणि ओल्या फडक्याने थंड करण्याची घाईही करू नये. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पत्र्याला ओढतो. तो भाग मागे डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हातोडीने ताणला की पत्रा मूळ वळणावर येतो. गॅस वेल्डिंगवर हात बसलेले उत्तम कारागीर आपल्याकडे आहेत, पण मोठ्या सपाट पत्र्यावर ती उष्णता फार दूर पसरते, त्यामुळे या जागी मी मिगच सुचवीन. कुठे फट जास्तच राहिली, तर लांबी (पुट्टी) भरून ती झाकू नये. दाराच्या कडेला वेल्डिंगची बारीक सळई जोडून घासावी. लांबीची कड दार आपटताच तुटते.

यानंतर बोल्टने बसवलेले सर्व पत्रे पुन्हा उतरवून आतल्या बाजू रंगवाव्यात. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांमध्ये सीलर हा क्रम ठेवावा. गॅरेजांत अजूनही आवडीने मारला जाणारा रेड ऑक्साइड ओल आत झिरपू देतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. लांबीही पाणी शोषते, म्हणून लांबी आणि जाड प्रायमर लावलेली गाडी पावसाळाभर तशीच उभी ठेवणे धोक्याचे आहे. चवथीपूर्वी गाडी हवी, असा आग्रह मालक दरवर्षी करतात, आणि तो मला समजतो. पण चतुर्थी भर पावसात येते, हवेत इतका दमटपणा असतो की घासलेला पत्रा काही तासांत तांबूस होतो. उघड्या पत्र्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. रंग मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे.

सिल, दारांचे पोट आणि मागच्या चाकाभोवतीच्या पोकळ्या यांत रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि दारांच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांत तांबडी धूळ साचून हीच छिद्रे आधी बुजतात. गाडी काहीशे किलोमीटर चालल्यावर रबरे आणि गाद्या दबतात, तेव्हा दारांच्या फटी ४ मिलिमीटरच्या पट्टीने पुन्हा तपासाव्यात आणि बिजागऱ्यांचे व मडगार्डांचे बोल्ट अखेरचे आवळावेत.