खांद्याच्या टेंडनचं ऑपरेशन झालंय? या चुका टाळा

दुखणं थांबलं म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) जुळला, हा समज सगळ्यात महागात पडतो. रोटेटर कफच्या (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे टेंडन) ऑपरेशनमध्ये फाटलेला टेंडन (बहुतेक वेळा खांद्याच्या वरच्या बाजूचा, सुप्रास्पायनेटस) दंडाच्या हाडावर आणून अँकर (हाडात बसवलेली छोटी खुंटी) आणि धाग्यांनी बांधतात. धागा फक्त धरून ठेवतो, चिकटवायचं काम शरीरालाच करावं लागतं. त्यासाठी रक्त हवं, आणि नेमका हाडाजवळचा साधारण एक सेंटिमीटरचा पट्टा रक्तपुरवठ्याच्या बाबतीत मुळातच कमनशिबी. तिथे नव्या केशवाहिन्या हाडातून आणि वरच्या बर्सातून (टेंडनवरची पातळ पिशवी) हळूहळू येतात. पहिला आठवडा सुजेचा, पुढचे पाच-सहा आठवडे कच्च्या ऊतींचे. बऱ्यापैकी ताकद यायला तीन महिने आणि पूर्ण मुरायला वर्षसुद्धा लागतं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरतं. म्हणूनच शिवलेला टेंडन पुन्हा सुटतो तो बहुधा पहिल्या तीन-सहा महिन्यांत.

स्लिंग (हात अडकवायची झोळी) साधारण चार ते सहा आठवडे, झोपतानाही. ‘घरातल्या घरात’ काढून ठेवलं आणि सवयीने वरची कडी काढायला हात उचलला, की त्या एका झटक्यात टेंडन आणि हाडात फट पडू शकते. जमिनीवरून उठताना त्या हाताचा रेटा देणं तर त्याहून वाईट. शर्ट किंवा ब्लाउज पुढून उघडणारा घ्या. ऑपरेशनचा हात बाहीत आधी घाला, काढताना शेवटी काढा.

बोटं सुजली तर आधी स्लिंग बघा. पंजा कोपराच्या खाली लोंबत असेल तर पट्टा आखडून तो कोपरापेक्षा किंचित वर आणा आणि तासातासाने मूठ उघडझाप करा. कोपर हलवण्याआधी मात्र विचारा: बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) टेंडनही शिवला असेल तर नियम वेगळे असतात.

पेंड्युलमचा (लंबकासारखा हात झुलवायचा) व्यायाम बरेच लोक उलटा करतात. कमरेत वाकून शरीर डोलवायचं, हात नुसता लोंबता. हात स्वतःच्या जोराने फिरवलात तर शिवलेलाच स्नायू आवळतो. आणि हा व्यायाम सर्जनने सांगितल्यावरच सुरू करायचा.

बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. भुलीच्या ब्लॉकने (हाताच्या नसांजवळ दिलेलं इंजेक्शन) हात बधिर असेपर्यंत जास्त जपा, त्वचा भाजली तरी कळत नाही. तेल-मालीश आणि हळदीचा लेप नको, टाक्यांवर तर अजिबात नको.

तंबाखूबद्दल स्पष्टच लिहायला हवं. ‘सिगारेट नाही, फक्त मिश्री लावते’ ही सबब चालत नाही. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या पट्ट्यात आधीच टंचाई, तिथलंच पाणी तोडल्यासारखं. गुटखा, तंबाखू-चुना, सगळं त्यात आलं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. वाढलेल्या साखरेने खांदा आखडतो आणि भरून येणंही लांबतं. लिहून दिलेल्या गोळ्या संपल्यावर मेडिकलमधून आपल्या मनाने डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणू नका.

सहा आठवड्यांनी स्लिंग सुटलं, तरी भरलेली बादली, बसमधला वरचा दांडा आणि दुचाकी यांना परवानगी मिळाली असं होत नाही. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर, मोठी फाट असेल तर आणखी उशिरा.

ताप, जखमेतून स्राव, वाढत जाणारी लाली, ‘टक्’ आवाज होऊन अचानक गेलेली ताकद, पोटरी सुजणं: यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.