उंदराच्या त्वचेवर रसायनाने गाठी येतात कशा: दोन टप्प्यांचा प्रयोग मांडताना

बडोद्यात फार्मसी किंवा प्राणिशास्त्रात पीएचडी करताना एखादा अर्क कर्करोगाला आळा घालतो का हे पाहायचे असेल, तर डीएमबीए-टीपीएचा प्रयोग समोर येतोच: उंदराच्या त्वचेला आधी डीएमबीए आणि मग टीपीए ही रसायने लावून गाठी आणायच्या, आणि अर्क त्या कमी करतो का ते पाहायचे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही उंदीर मागवू नका.

आधी दोन्ही रसायनांची कामे वेगळी ओळखा. डीएमबीए एकदाच लावतात. त्वचेतलीच एन्झाइमे त्याचे क्रियाशील रूप बनवतात आणि ते डीएनएतल्या अॅडेनिनला चिकटते. पेशीची वाढ ठरवणाऱ्या एचरास जनुकाच्या 61व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या संकेतावर) सीएए चे सीटीए होते. पेशी कायमची बदलते, पण वरून त्वचा स्वच्छच दिसते. टीपीए मिळते जमालगोट्याच्या तेलातून. ते जनुकाला हात लावत नाही. प्रोटीन कायनेज सी हे पेशीतले एन्झाइम चेतवून दाह आणि पेशींची वाढ घडवते, आणि बदललेल्या पेशी त्यात पुढे सरकतात. क्रम उलटा केला तर गाठी येत नाहीत. डीएमबीएनंतर कित्येक महिन्यांनी टीपीए सुरू केले तरी गाठी येतात, पण टीपीएच्या दोन मात्रांत आठवडे गेले तर परिणाम ओसरतो. म्हणून मंगळवार-शुक्रवार असे वार ठरवा आणि दिवाळीच्या सुट्टीतही ते पाळा.

सी57बीएल/6 जातीचे उंदीर या रसायनांना फारशी दाद देत नाहीत. एफव्हीबी, सेनकार किंवा स्विस घ्या. सात ते नऊ आठवड्यांच्या माद्या बऱ्या. नर भांडतात, आणि जखम स्वतःच गाठींना चालना देते. याच कारणाने पाठीचे केस ट्रिमरने काढा, ब्लेड नको. दोन दिवस थांबा. ज्यांचे केस तेवढ्यात वाढू लागले, त्यांना प्रयोगात घेऊ नका. केसांची मुळे विश्रांतीत असलेलीच त्वचा हवी. बरेच प्रयोग इथेच बिघडतात: एकाच गटात काही उंदरांना भरपूर गाठी, काहींना एकही नाही.

डीएमबीए 100 नॅनोमोल, म्हणजे सुमारे 25.6 मायक्रोग्रॅम, 200 मायक्रोलिटर अॅसिटोनमध्ये. एक-दोन आठवड्यांनी टीपीए 10 नॅनोमोल तेवढ्याच अॅसिटोनमध्ये, आठवड्यातून दोनदा, 20 आठवडे. 20 उंदरांच्या एका गटाला 800 मात्रा लागतात, म्हणजे जवळपास 5 मिलिग्रॅम टीपीए. मागवताना वाया जाणारे धरून थोडे जास्त घ्या. दोन्ही द्रावणे गडद काचेत, प्रकाशापासून दूर ठेवा. पॉलिस्टायरिनची नळी अॅसिटोनमध्ये विरघळते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हा बाटली उघडी राहिली तर अॅसिटोन उडते, द्रावण दाट होते आणि शेवटच्या उंदराला पहिल्यापेक्षा जास्त मात्रा मिळते. म्हणून लहान कुप्या भरा, एक संपली की दुसरी उघडा.

नियंत्रण गट तीन: फक्त अॅसिटोन, डीएमबीएनंतर अॅसिटोन, आणि अॅसिटोननंतर टीपीए. अर्काचा गट आणि पूर्ण डीएमबीए-टीपीए गट यांखेरीज हे हवेतच. तिसऱ्या गटात बऱ्याच गाठी दिसल्या तर द्रावणांची सरमिसळ झाल्याची शंका घ्या.

डीएमबीए कर्करोगकारक आहे, त्यामुळे सगळे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. अॅसिटोन पातळ ग्लोव्हमधून लवकर पार होते. दोन जोड घाला, थेंब पडला की लगेच बदला. लावल्यानंतरच्या दिवसांतला पिंजऱ्यातला भुसाही धोकादायक कचरा समजून वेगळा जाळायला द्या.

बहुतेक गाठी आठव्या ते बाराव्या आठवड्यापासून दिसू लागतात. 1 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि पुढच्या आठवड्यातही टिकलेली तेवढीच मोजा. पाठीचा नकाशा काढून प्रत्येक गाठीला क्रमांक द्या, नाहीतर दोन गाठी एकमेकींत मिसळल्या की आकडा घसरतो आणि श्रेय अर्काला जाते. किती टक्के उंदरांना गाठी आल्या आणि प्रति उंदीर सरासरी किती, हे वेगवेगळे लिहा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. सुरुवातीच्या गाठी पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारख्या सौम्य गाठी, असतात. त्यांतल्या थोड्याच पुढे कर्करोग होतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. गाठ चिघळली, उंदीर वजन गमावू लागला किंवा समितीने ठरवलेली मर्यादा ओलांडली, तर 20 आठवड्यांची वाट न पाहता त्याला वेदनारहित मृत्यू द्या आणि ऊतक फॉर्मॅलिनमध्ये घ्या.